थोरलीला एसी

३ एप्रिल, सोमवार

जेवताना विषय काढला आणि तोंडावर आपटलो.

लेकीचे दिवस भरत आले आहेत. डॉक्टरांनी मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. आमची ही एक मेला तिच्याकडे जाणार आणि दोन महिने राहणार. लेकीचं घर इथून सहा तासांवर. मी म्हटलं, "बसने कशाला धक्के खातेस? थोरलीतून जाऊ. पाळणाही मागे टाकता येईल."

हिने घास खाली ठेवला. "त्या शेजारच्या सीटवर मी आता बसायची नाही. एकतीस वर्षं बसले, पुष्कळ झालं."

"का पण?"

"भट्टी आहे ती."

"मला तर कधी लागत नाही भट्टी."

ही "अजून भात वाढू का" म्हणाली. विषय संपला.

थोरली म्हणजे माझा पिकअप. लग्नाच्या सहा महिने आधी एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीतून मी तो भंगारात उचलला. वयाने तेव्हाच माझ्यापेक्षा मोठा. इंजिन एका टॅक्सीचं, दारं दोन वेगवेगळ्या गाड्यांची, मागचा हौदा मी स्वतः सागवानी फळ्यांचा बांधलेला, आणि इंजिनाचं तापमान दाखवायला वाण्याच्या जुन्या काट्याची तबकडी. लग्न होऊन आल्यावर पहिल्या दिवशी मी तीन तास गाडीखाली होतो. तेव्हा हिने तिचं नाव ठेवलं थोरली. म्हणजे ही धाकटी. नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होतो. तक्रारीवर चिडायचं नाही, तक्रार तपासायची, ही माझी शिस्त. म्हणून जुन्या डायऱ्या काढल्या. सतरा वर्षांपूर्वीची नोंद सापडली: "ही म्हणते, गाडीत पायाला चटके बसतात. गाडी तीस किलोमीटर चालवून पाहिली. तक्रारीत तथ्य नाही."

तरीही संसारात तथ्य नसलेली तक्रारसुद्धा कधी कधी दूर करावी लागते. हिला लेकीच्या दारात मीच पोचवणार. थोरलीला एसी बसवायचा, ठरलं.

४ एप्रिल, मंगळवार

कुंपणापलीकडचा सल्लागार सकाळीच हजर. याचं खरं काम निवृत्त होणं आणि मला सल्ले देणं. म्हणाला, "त्या खटाऱ्याला एसी? अरे, नाकापेक्षा मोती जड. खिडकीची काच खाली कर, फुकटचा एसी."

मी म्हटलं, तुला विचारलं कुणी? तो म्हणाला, विचारेपर्यंत थांबलो तर तू चुका करून मोकळा होतोस.

तीन गॅरेजवाल्यांना फोन केले. दोघे हसले. तिसरा आधी हसला नाही, गाडीचं वय विचारलं आणि मग हसला.

संध्याकाळी हीच म्हणाली, "आपला फ्रीज दुरुस्त करायला येतात त्या बाईंना विचारा. बर्फाच्या कारखान्यात होत्या वीस वर्षं. गाड्यांचंही करतात." नंबर हिला तोंडपाठ होता. एवढा उत्साह हिने थोरलीच्या बाबतीत आजवर दाखवला नव्हता. एसीचं नुसतं नाव काढलं तर हा परिणाम!

६ एप्रिल, गुरुवार

फ्रीजताई (सगळे त्यांना असंच म्हणतात) आल्या. पन्नाशीच्या, खिशात टॉर्च, बोलणं मोजून मापून. बॉनेट उघडून पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मी इंजिनाचा इतिहास सांगायला लागलो तर म्हणाल्या, "साहेब, मला ऐकू द्या." मला वाटलं माझं बोलणं. त्या इंजिन ऐकत होत्या.

निदान असं: कॉम्प्रेसर इंजिनाच्या डाव्या अंगाला बसेल, रेडिएटरपुढे जाळी येईल, बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो इतका भार पेलणार नाही म्हणून तो बदलावा लागेल, आणि केबिनमध्ये डॅशबोर्डखाली थंड हवेचा खोका. "पण त्याआधी केबिन बुजवा. चाळणीत पाणी साठत नाही, तशी थंडीही साठत नाही."

जाताना त्यांनी शेजारच्या सीटकडे बोट केलं. "इथे कोण बसतं?"

"आमची ही."

"तुम्ही कधी बसलात?"

मी म्हटलं, अहो, गाडी माझी आहे. मी कशाला शेजारी बसू?

त्या 'बरं' म्हणाल्या. ही आत चहा करत होती, तिला उगाचच ठसका लागला.

९ एप्रिल, रविवार

दिवसभर भोकं मोजली. केबिनमध्ये आत टॉर्च ठेवून बाहेरून अंधारात बघायचं, अशी शास्त्रशुद्ध पद्धत काढली. अंगणात ताडपत्री टाकून गाडी झाकली आणि ताडपत्रीत शिरलो. सल्लागाराने वाकून विचारलं, "हरवलास का रे?"

एकूण भोकं ४३. प्रत्येकाला खडूने नंबर दिला. अकरा नंबरमधून एक मुंगी ये-जा करत होती. लांबी, रुंदी यांचा तक्ता केला. ही अंगणात आली, तक्ता पाहिला, "शेजारच्या सीटच्या पायाशी बिस्किटाच्या डब्याचं झाकण ठोकलंय ते धरलंत?" म्हणाली. मी म्हटलं, ते भोक नाही, ते दुरुस्ती आहे. बारा वर्षांपूर्वी मीच ठोकलंय.

डायरी खणात, खणाची किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागे. माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. कधी कधी वाटतं, उगाच एवढी गुप्तता, यात आहे काय? पण नोंदवही ती नोंदवही.

११ एप्रिल, मंगळवार

थोरली फ्रीजताईंच्या शेडमध्ये गेली. नेऊन सोडली आणि घरी परत चालत आलो. अंगणात तिच्या जागी तेलाचा डाग तेवढा राहिला आहे. दोनदा जाऊन बघून आलो.

फ्रीजताईंचा एक विचित्र नियम: सकाळी सहा ते नऊ शेडमध्ये यायचं नाही. "गिऱ्हाईक पाठीशी उभं असलं की माझा हात थरथरतो." मी म्हटलं, बर्फाच्या कारखान्यात वीस वर्षं काम केलेल्या बाईचा हात माझ्यामुळे थरथरतो? त्या म्हणाल्या, तिथे गिऱ्हाईक बर्फ न्यायचं, सूचना देत नव्हतं.

आणखी एक गंमत. परवाच्या नोंदीत ४३ हा आकडा पेन्सिलीने खोडून ४४ केलेला आहे. माझ्या हाताने कधी झालं कळत नाही. तरी शेडमध्ये जाऊन पुन्हा मोजलं. झाकण उचकटून पाहिलं तर खाली चांगलं तळहाताएवढं भोक, आणि बरोबर त्याखालून धुराड्याची नळी. ४४ हेच खरं. आपली निरीक्षणशक्ती झोपेतसुद्धा काम करते, याचं नाही म्हटलं तरी समाधान वाटलं. झाकण नवं ठोकलं.

१४ एप्रिल, शुक्रवार

खोक्यावरून फ्रीजताईंशी वाजलं.

त्या म्हणत होत्या खोका मधोमध बसवू. मधोमध बसवला तर माझी वाण्याच्या काट्याची तबकडी झाकली जाते. ते मुळीच चालणार नाही. मी म्हटलं, शेजारच्या बाजूला डॅशबोर्डखाली भरपूर रिकामी जागा आहे.

"ती रिकामी नाही साहेब. तिथे गुडघे असतात."

"हिचे गुडघे लहान आहेत."

फ्रीजताईंनी पान्याने पाठ खाजवली आणि मी म्हणेन तिथे खोका बसवला. हवेच्या तोंडांची दिशा मीच ठरवली. तीनपैकी दोन माझ्याकडे, कारण गाडी चालवणारा शांत डोक्याचा असला तर बाकीचे सुरक्षित. तिसरं मधे. थंडी जड असते, ती आपोआप हिच्याकडे वाहत जाईल.

त्यांनी डॅशबोर्डच्या मध्यभागी विनाकारण चार भोकं पाडून ठेवली आहेत. विचारलं तर "राहू द्या, लागतील" म्हणाल्या. मी नुकती ४४ बुजवली आणि या बाई नवी पाडतात!

ही सकाळी साडेसहालाच ग्रंथालयात जाते. जानेवारीपासून जाते. "इतक्या सकाळी उघडतं?" "वर्तमानपत्रं येतात ना." वाचनाची एवढी गोडी या वयात लागली, कौतुक आहे. मात्र तेच एक पुस्तक घरात तीन आठवडे पडून आहे. जाडजूड असावं.

१५ एप्रिल, शनिवार

हिच्या डाव्या पोटरीत चमक भरली आहे. मलम चोळून दिलं. मी म्हटलं, रोज ग्रंथालयाच्या पायऱ्या चढतेस त्याने झालं. ही म्हणाली, "हो, पायऱ्या फार घट्ट आहेत." पायऱ्या घट्ट कशा असतील? उंच म्हणायचं असेल.

मग भात वाढता वाढता विचारते, "थोरली तिसऱ्या गिअरला जरा अडते, नाही?"

मी चाटच पडलो. म्हटलं, तुला कसं कळलं?

"एकतीस वर्षं ऐकतेय."

खरं आहे. अडतेच. मी हिला अर्धा तास गिअरबॉक्स समजावून सांगितला. हिने इतके नेमके प्रश्न विचारले की माझा भात गार झाला. लग्नानंतर पहिल्यांदाच आमचं इतकं छान जमलं. एक आठवण मात्र आली आणि ती डायरीत असावी म्हणून लिहितो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हिने गाडी शिकवा म्हटलं होतं. माळावर नेऊन शिकवली. हिने तीन वेळा बंद पाडली. मी तिन्ही वेळची कारणं वहीत उतरवून तिला वाचून दाखवली. चौथ्यांदा हिने चालवली नाही. तिला आवड नव्हती, दुसरं काय.

१८ एप्रिल, मंगळवार

प्रकरण गंभीर आहे.

आज दुपारी शेडमध्ये गेलो तर माझी सीट दोन खाचा पुढे सरकलेली. आरसा खाली वळलेला. क्लच पेडलवर लाकडाचा ठोकळा बांधलेला. आणि शेवटच्या नोंदीपेक्षा गाडी एकसष्ट किलोमीटर जास्त चाललेली! मी विचारलं. फ्रीजताई शांतपणे म्हणाल्या, "गॅस भरण्याआधी इंजिनाचा अंदाज घ्यावा लागतो."

"एकसष्ट किलोमीटर अंदाज?"

"जुनं इंजिन आहे. मनातलं लवकर सांगत नाही."

घरी आलो तर सल्लागार कुंपणावर रेलून वाटच बघत होता. "तुझी थोरली सकाळी शाळेमागच्या मैदानावर उलटी जात होती."

"उलटी?"

"रिव्हर्समध्ये. झकास जात होती. तुझ्यापेक्षा सरळ. कुणीतरी बाई होती, लांबून चेहरा दिसला नाही."

आता शंकाच नको. फ्रीजताई माझी गाडी फिरवतात. बाई फ्रीज दुरुस्त करतात, पण नियत गार नाही. मी आयुष्यभर दुकानदारांच्या तराजूखालचे चुंबक पकडले आहेत, माझ्याशी गाठ आहे. हिला सांगितलं तर ही म्हणाली, "फार मनावर घेऊ नका. पुरावा हवा."

अगदी बरोबर बोलली. उद्या डाव्या पुढच्या चाकावर आणि जमिनीवर एकाच रेषेत पांढऱ्या खडूची खूण करणार, आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवणार. गाडी हलली की खूण मोडली. याबद्दल कुणालाही सांगितलेलं नाही, फक्त इथे लिहिलं आहे.

२० एप्रिल, गुरुवार

काल खूण केली. आज दुपारी पाहिली: जागच्या जागी. रेषा चाकावर आणि जमिनीवर तंतोतंत जुळलेली. फक्त पांढऱ्याची निळसर झाली आहे. शेडमध्ये दमटपणा असावा.

किलोमीटरचा आकडा तपासता आला नाही. केबल काढून ठेवली आहे, "आड येत होती" म्हणे.

माझा संशय अनाठायी होता असं म्हणावं लागेल. फ्रीजताईंची मनातल्या मनात माफी मागितली. मोठ्याने मागण्याइतकं काही झालेलं नाही.

ही सगळ्या घरात शिवणाचा निळा खडू शोधत होती. मिळाला नाही. कुठे वेंधळेपणाने ठेवते कोण जाणे.

२२ एप्रिल, शनिवार

आज एसी पहिल्यांदा चालू केला आणि सगळं बोंबललं.

चार मिनिटं छान गारवा आला. मी थर्मामीटर माझ्या छातीशी धरला होता, पारा एकोणीसवर. मी "बघा!" म्हणेपर्यंत काट्याची तबकडी पाच किलोच्या पुढे गेली. म्हणजे इंजिन उकळलं. पट्टा किंचाळला, रेडिएटरचं टोपण उडालं आणि गरम पाणी सल्लागाराच्या नव्या चपलांवर. तो फक्त बघायला आला होता. तरी म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?" या वेळी त्याने खरंच म्हटलं होतं, म्हणून गप्प बसलो.

फ्रीजताई म्हणाल्या, मोठा पंखा लागेल, पट्ट्याची रेषा दोन मिलिमीटर सरकवावी लागेल. आठवडा जाईल. मी म्हटलं, आठवडाच आहे माझ्याकडे.

घरी आलो. ही कपाट उघडून लेकीसाठी शिवलेली दुपटी मोजत होती. एका बाजूला बॅग अर्धी भरलेली. बसचं वेळापत्रक आरशाला खोचलेलं. ते बघून मला एकदम रडूच आलं. आलं ते आलं, लिहून ठेवतो. दोन महिने ही नसणार. मला चहा करता येतो आणि अंडी उकडता येतात, पण प्रश्न तो नाही. मला वाटत होतं की निदान ते सहा तास तरी ही माझ्या शेजारी असेल. निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं दिवसभर घरात असतो आणि तरी नीट एकत्र बसलेलो नाही. मी गाडीखाली असतो. हे मला आज कळलं आणि कळून आनंद झाला नाही.

डोळे पुसून बाहेर गेलो आणि हिला म्हटलं, "एसी होणार नाही बहुतेक. बसने जा."

ही म्हणाली, "बघू."

२४ एप्रिल, सोमवार

सकाळी उठलो तर बसचं वेळापत्रक आरशावरून गायब.

चहा पिताना ही आपणहून म्हणाली, "एक तारखेला थोरलीनेच जाऊ. एसी झाला तरी, नाही झाला तरी."

मी कप खाली ठेवला. "पण तू तर त्या सीटवर बसणार नाही म्हणालीस."

"ते अजूनही म्हणतेच."

बायकांच्या बोलण्यात तर्क शोधू नये, असं माझे साहेब म्हणायचे. त्यांचं लग्न टिकलं नाही, ते सोडा. मी वाद घातला नाही. येते म्हणाली, बास.

२९ एप्रिल, शनिवार

झालं! नवा पंखा, नवा पट्टा. एक तास सलग चालवली. बाहेर एकोणचाळीस, आत एकोणीस. तबकडीचा काटा अडीच किलोवर शांत. साबणाचा फेस लावून प्रत्येक जोड तपासला, एकही बुडबुडा नाही.

फ्रीजताई मागे हौद्यात बसून आल्या. म्हटलं, आत बसा की शेजारी, गार आहे. "नको," म्हणाल्या, "मला गुडघे आहेत." तिरसट बाई आहे, पण काम सोन्यासारखं.

क्लचवरचा ठोकळा मात्र काढायला तयार नाहीत. "एक तारखेपर्यंत राहू द्या." मला पाय वाकडा करून चालवावी लागली. एका हट्टी माणसाने दुसऱ्या हट्टी माणसाशी किती भांडायचं? सोडून दिलं.

पाळणा हौद्यात बांधला. लेक याच पाळण्यात झोपायची. ही बराच वेळ त्याच्या कडेवर हात ठेवून उभी होती.

१ मे, सोमवार

लेकीच्या घरून लिहितो आहे. जसं घडलं तसं क्रमाने लिहितो.

सकाळी सहाला निघायचं होतं. मी एसी आधीच चालू करून ठेवला आणि शेजारचं दार उघडून उभा राहिलो, लग्नात उभा राहिलो होतो तसा. म्हटलं, "या."

ही घराला कुलूप लावून आली, माझ्यासमोरून गेली, गाडीला वळसा घातला, चालकाचं दार उघडलं आणि आत बसली. सीट दोन खाचा पुढे. आरसा खाली. डावा पाय ठोकळ्यावर. पर्समधून एक कार्ड काढून डॅशबोर्डवर ठेवलं. वाहन परवाना. हिचा फोटो. तारीख मार्चमधली.

मी वाकून तारीख पुन्हा वाचली. कुंपणावरून सल्लागार म्हणाला, "हीच ती! हीच मैदानावर उलटी जात होती!"

"ग्रंथालय?" मी विचारलं.

"जानेवारीत फ्रीजताईंच्या टेम्पोवर शिकले. थोरलीवर सराव या महिन्यात केला. शेजारच्या सीटवर बसणार नाही, एवढंच म्हटलं होतं मी. येणार नाही असं कुठे म्हटलं?" मग जरा दम घेऊन म्हणाली, "बसताय ना? गारवा जातोय सगळा."

मी बसलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या सीटवर बसलो.

गुडघे खोक्यावर आपटले. सरळ बसता येईना, म्हणून दोन्ही पाय दाराकडे वळवून बसलो, तर दाराचं हँडल बरगडीत. त्या बाजूची काच खाली करायची मूठच नाही. ती मी कधीतरी माझ्या बाजूची तुटली तेव्हा तिकडे नेऊन बसवली होती. दहा मिनिटांनी खोक्यातून थेंब थेंब पाणी डाव्या मांडीवर पडायला लागलं. विसाव्या मिनिटाला पायाखालचं बिस्किटाच्या डब्याचं झाकण तापलं. अर्ध्या तासाने चपलेचा तळ चिकट झाला. थर्मामीटर काढला. हिच्या छातीशी एकोणीस. माझ्या गुडघ्याशी सदतीस. थंडी जड असते, पण ती वाहत वाहत माझ्याकडे आली नाही.

चौतीस वर्षं मी लोकांचे काटे तपासले. दोन्ही पारडी बघितल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, हे मी नव्या निरीक्षकांना शिकवत असे. आणि घरच्या गाडीचं एकच पारडं बघत आलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला फार लाज वाटली.

ही मात्र रस्त्यावर नजर ठेवून सुरेख चालवत होती. तिसऱ्या गिअरला जिथे मी दरवेळी हिसका देतो, तिथे हिने क्षणभर थांबून अलगद टाकला. अडला नाही.

मी म्हटलं, "पाय भाजतोय."

"चव्वेचाळिसावं भोक आहे ते."

"चव्वेचाळीस? तुला कसं माहीत?"

हिने चौथा टाकला. मला ते पेन्सिलीचं खोडणं आठवलं. मग तो निळसर खडू. मग घड्याळामागची किल्ली. घड्याळ पुसतं कोण, दर रविवारी? मी तर नाही. बाविसाव्या तारखेला मी काय लिहिलं होतं तेही आठवलं, आणि तेविसाच्या रात्रीपर्यंत आरशावर असलेलं वेळापत्रक चोविसाला सकाळी का नव्हतं, ते कळलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. काच बंदच होती.

मग विचारलं, "तू इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. सतरा वर्षांपूर्वी. तुम्ही तीस किलोमीटर चालवून पाहिलीत."

हे ती रागाने म्हणाली असती तर मला उत्तर सुचलं असतं. तिने साधं म्हटलं.

अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो. उतरताना माझे पाय सरळ होईनात, हिने हात धरून उतरवलं. चहा झाल्यावर किल्ली पुढे केली. "हवं तर आता तुम्ही चालवा."

मी म्हटलं, "नको. तपासणी अर्धवट सोडायची नसते."

उरलेले तीन तास मी तिथेच बसलो. गंमत म्हणजे आम्ही खूप बोललो. हिने सांगितलं की टेम्पोवर शिकताना पहिल्या दिवशी अकरा वेळा बंद पडला आणि फ्रीजताईंनी एकदाही मोजलं नाही. मी विचारलं, मग अकरा हा आकडा कसा कळला? ही म्हणाली, मी मोजला, तुमच्याबरोबर राहून सवय लागली आहे. आम्ही दोघंही इतके हसलो की हिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

लेक फाटकात उभी होती, पोट सांभाळत. आधी आईला चालकाच्या सीटवर पाहिलं, मग मला शेजारी वेडावाकडा बसलेला पाहिलं. "बाबा, तुम्ही? त्या सीटवर?" म्हणाली आणि फाटक धरून हसत सुटली. म्हणजे त्या सीटबद्दल लेकीलाही माहीत होतं. लहानपणी आईच्या मांडीवर तिथेच बसायची ती.

पुढची व्यवस्था ठरवली आहे. उद्या खोका मधोमध सरकवतो. त्यासाठी चार भोकं तयारच आहेत, फ्रीजताईंना देव उदंड आयुष्य देवो. तबकडी झाकली गेली तर जाऊ दे. बिस्किटाचं झाकण काढून जाड पत्रा आणि त्याखाली धग अडवायला लोकरीचा नमदा. काचेची मूठ जिथली तिथे. परवा मी बसने घरी जाईन. थोरली इथेच राहील. कोणत्या वेळी दवाखान्यात जावं लागेल सांगता येत नाही, आणि चालवणारं माणूस घरात असावं. ठोकळा काढायचा नाही.

आता रीतसर नोंद.

तक्रार: शेजारच्या सीटवर असह्य उष्णता, पायाला चटके, गुडघ्यांना जागा नाही. तक्रारदार: ही. तपासणी: प्रत्यक्ष बसून, सहा तास. निष्कर्ष: तक्रारीत तथ्य आहे. विलंब सतरा वर्षं, जबाबदार निरीक्षक मी.

आज डायरी कुठल्या खणात ठेवत नाही. टेबलावर उघडीच ठेवतो आणि शेजारी एक पेन्सिल.